घरच्या हातची जयंती

एप्रिल महिना लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टी बरोबरीने तापू लागतात. एक ऊन आणि दुसरी जयंतीची तयारी. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले, १४ एप्रिलला परमपूज्य बाबासाहेब आणि त्यापाठोपाठ वैशाखी पौर्णिमा. वणी-मारेगावपासून पुसद-उमरखेडपर्यंत प्रत्येक बौद्ध वस्तीत वर्गणीची वही फिरू लागते, विहाराला चुना लागतो, तोरणांची खरेदी सुरू होते. आणि एक दिवस मुलगा घरी येऊन सांगतो, ‘‘आई, वेशभूषा स्पर्धा आहे. मला कोट पाहिजे.’’

इथेच आमच्या माताभगिनींच्या कपाळाला आठी पडते. कारण हे दिवस हाताला काम नसण्याचे असतात. कापसाची वेचणी संपलेली असते. तूर-हरभरा निघून गेलेला असतो. शेतातली मजुरी जवळजवळ बंद. पुढे जून उभा असतो. वह्या-पुस्तके, गणवेश, आणि ज्यांच्याकडे दोन-चार एकर आहे त्यांना बियाणे, सारे एकदमच येते. अशा दोन महिन्यांच्या फटीत किरायाचा कोट, बाजारची तयार तोरणे आणि रंगीत दिव्यांच्या माळा घ्यायच्या म्हणजे पैसा उसना आणणे आले. काही घरी तर बचत गटातून उचल होते. शेळी घेण्यासाठी, शिलाई मशीनसाठी मिळणारी ती उचल चार दिवसांच्या रोषणाईत जाते आणि हप्ते दिवाळीपर्यंत चालतात.

आम्ही नोकरीने कारकून आहोत, हिशेब लिहिणे हा आमचा रोजचा धंदा. म्हणून जयंतीचा हिशेबही आम्ही तसाच पाहतो. आमचे सांगणे ‘खर्च करू नका, साधेपणाने उरका’ असे मुळीच नाही. जयंती थाटातच व्हायला पाहिजे. ज्या समाजाला सण साजरा करण्याचा हक्क नव्हता, त्याने आपला दिवस उजळून टाकलाच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की हा थाट आपल्या हातांनी करावा. घरातली जुनी साडी, शेतातले काडीकचरा, विहारात जमलेली दहा घरची माणसे, एवढ्यावर तो होतो. आणि हाताने केला की मुलाला त्यामागची गोष्टही कळते.

कपड्याची गोष्ट आपल्याला नवी नाही

वेशभूषा म्हणजे मुलांचा खेळ, असे वरवर वाटते. पण आपल्या समाजाच्या इतिहासात कपड्याला फार मोठी जागा आहे.

बाबासाहेबांनी आपल्या लहानपणची एक आठवण लिहून ठेवली आहे. साधारण १९०१ सालची गोष्ट. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी त्यांच्याकडे जायचे ठरवले. प्रवासासाठी मुलांना नवे सदरे, झगझगीत टोप्या, नवे जोडे, काठाची धोतरे घेतली गेली. मसूर स्टेशनवर मुले उतरली, तेव्हा कपडे पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची मुले वाटली. त्यांनी आपुलकीने चौकशी केली. पण जात कळली आणि त्या माणसाचा चेहराच बदलला. तो मागे सरला. पुढे गाडीवानही मिळेना आणि रात्रभर प्यायला पाणीही मिळाले नाही. नवे कपडे अंगावर होते, पण कपड्याच्या आत जी जात लोकांनी शोधली, तिच्यापुढे ते कपडे फुकट ठरले.

दुसरी गोष्ट महाडची. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झाले त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. लुगडे नेसण्याची जी पद्धत पाहताच अस्पृश्यता ओळखू येते, ती सोडून द्या. गळ्यात आणि हातात कथलाचे, चांदीचे ओझे वागवू नका. वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असे त्यांनी बजावले. त्या माउल्यांनी ते मनावर घेतले आणि नेसण्याची तऱ्हा बदलली. नवे लुगडे घ्यायला पैसे कोणाजवळ होते? होते तेच लुगडे त्या नव्या रीतीने नेसल्या. खर्च शून्य, पण पिढ्यान्‌पिढ्यांची खूण पुसली गेली.

तिसरी गोष्ट १४ ऑक्टोबर १९५६ ची, नागपूरच्या दीक्षाभूमीवरची. पांढऱ्या वस्त्रांतला तो जनसागर आपल्या आजी-आजोबांनी पाहिला. आपल्या जिल्ह्यातूनही माणसे मिळेल त्या वाहनाने, चालत, भाकरी बांधून गेली. पांढरे वस्त्र काही महाग नव्हते. धुऊन नेसलेले धोतर, धुतलेली साडी. पण ते वस्त्र कोणी आपल्यावर लादलेले नव्हते. आपण निवडलेले होते.

या तीन गोष्टी मुलाला सांगितल्या, की वेशभूषेचे अर्धे काम झाले. कपडा किती रुपयांचा, हा प्रश्न मग आपोआप मागे पडतो.

आधी सजावट : धम्मध्वज

बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पताका दुसऱ्या दिवशी नालीत पडलेल्या दिसतात. आपल्या ध्वजाची अशी गत आपल्याच हातून होऊ नये. आणि थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी आली. म्हणून कापड आणि कागद हेच बरे.

पंचशील ध्वज १८८५ साली श्रीलंकेत तयार झाला आणि पुढे साऱ्या जगातल्या बौद्धांनी स्वीकारला. त्यात सहा उभे पट्टे असतात. डावीकडून निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारंगी आणि सहावा पट्टा याच पाच रंगांच्या तुकड्यांचा. तो वरून खाली याच क्रमाने लावायचा. आम्ही अनेक ठिकाणी क्रम चुकलेले ध्वज पाहतो, म्हणून माप लिहून देतो. ध्वज ४५ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर उंच घ्यावा. प्रत्येक उभा पट्टा साडेसात सेंटिमीटर रुंद येतो. सहाव्या पट्ट्यातला प्रत्येक तुकडा ६ सेंटिमीटर उंच येतो. शिवणीसाठी चहूबाजूंनी एक सेंटिमीटर कापड जास्त ठेवावे. जुन्या साड्या, परकर, ओढण्या यांतून हे रंग सहज निघतात. कापड विटके असेल तर ते वापरू नये. ध्वज लहान झाला तरी चालेल, मळका नको. वस्तीत एकीकडे शिलाई मशीन असतेच. दहा घरच्या चिंध्या एका ठिकाणी जमवल्या तर दहा ध्वज होतात आणि ते पुढची कितीतरी वर्षे टिकतात.

चोवीस आऱ्यांचे चक्र

निळ्या झेंड्यावरचे अशोकचक्र काढताना मुलांची तारांबळ उडते. आरे कधी बावीस होतात, कधी सव्वीस. त्याला सोपी युक्ती आहे. जेवणाचे ताट कागदावर ठेवून गोल काढावा आणि कापावा. तो गोल एकदा मधोमध दुमडावा, पुन्हा दुमडावा, तिसऱ्यांदा दुमडावा. आता पोळीच्या फोडीसारखा आकार हाती येतो. याच वेळी उघडला तर आठ घड्या दिसतात. हे धम्मचक्राचे आठ आरे, आर्य अष्टांगिक मार्ग. उघडण्याऐवजी त्याच फोडीचे तीन सारखे भाग करून दुमडले आणि मग उघडले, तर बरोबर चोवीस घड्या पडतात. त्या घड्यांवर पट्टीने रेघा ओढाव्यात. एका कागदावर मुलाला भूमितीही येते आणि धम्मही.

चक्राची किंवा बाबासाहेबांच्या नावाची रांगोळी काढायची असेल तर ती वाटेच्या बाजूला, पाय पडणार नाही अशी काढावी.

चोवीस काड्यांचा कंदील

वैशाखी पौर्णिमेला श्रीलंकेत घरोघरी कागदाचे कंदील लागतात. त्यांना तिथे ‘वेसाक कुडू’ म्हणतात. बांबूच्या काड्या आणि पातळ कागद घेऊन घरची मंडळी आणि शेजारी मिळून ते करतात. दक्षिण कोरियातही बुद्धजयंतीला कंदिलांची मोठी मिरवणूक निघते. तिची नोंद २०२० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. म्हणजे हाताने कंदील करणे ही गरिबीची खूण नाही. ती साऱ्या बौद्ध जगाची रीत आहे.

श्रीलंकेतल्या एका प्रकारच्या कंदिलाची कृती आपल्याकडे सहज जमण्यासारखी आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस काड्या घ्याव्यात. नऊ इंच लांबी ठीक. बुरडाकडे टोपलीच्या कामातून उरलेल्या कामट्या मिळतात. त्या नसतील तर सरळ, वाळलेली तुऱ्हाटी चालते. चार-चार काड्या दोऱ्याने बांधून सहा चौकोन करावेत. त्यांतले चार चौकोन टोकावर उभे धरावेत, पतंगासारखे, आणि शेजारच्या चौकोनांचे कोपरे एकमेकांना बांधून गोल कडे करावे. वर चार टोके निघतात, त्यांवर पाचवा चौकोन आडवा बांधावा. खालच्या चार टोकांना सहावा. झाला सांगाडा. त्यात सहा चौकोन आणि आठ त्रिकोण दिसतील. चोवीस काड्या म्हणजे अशोकचक्राचे आरे आणि आठ त्रिकोण म्हणजे अष्टांगिक मार्ग, असे सांगितले की मुले ही कृती कधी विसरत नाहीत.

खालचा चौकोन मोकळा ठेवून बाकी सर्व बाजूंना पतंगी कागद लावावा. वीस बाय तीस इंचांचे दोन ताव एका कंदिलाला पुरतात. खालच्या कडेला कागदाच्या झिरमिळ्या सोडाव्यात.

चिकटवायला डिंकाची बाटली घेण्याची गरज नाही. एक वाटी मैदा आणि चार-पाच वाट्या पाणी गुठळ्या न होऊ देता कालवून मंद आचेवर शिजवावे. रंग पारदर्शक होऊ लागला की खळ झाली. चिमूटभर तुरटी टाकली तर ती लवकर आंबत नाही. काही जण मोरचूद टाकतात. ते विषारी आहे. लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत ते मुळीच घालू नये.

कंदिलात मेणबत्ती किंवा पणती ठेवू नये. चाळीस-बेचाळीस अंशाच्या उन्हात सुकलेला कागद, शेजारी कुडाच्या भिंती, दारात पऱ्हाटीचा ढीग. एक ठिणगी पुरे. कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा. तो तापत नाही आणि बिलही वाढत नाही. वीज मात्र आपल्या मीटरवरूनच घ्यावी. तारेवर आकडा टाकून जयंती उजळणे कायद्याने गुन्हा आहे आणि जिवालाही धोका आहे. ज्यांनी आपल्याला कायदा दिला त्यांच्या जयंतीला ते शोभत नाही.

शेतातून काय घ्यावे, काय घेऊ नये

कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीवर बोंडांची रिकामी टरफले राहतात. पाच पाकळ्या उघडल्यासारखी ती दिसतात. ती चुन्यात बुडवून वाळवली आणि मधोमध पिवळ्या कागदाची गोळी चिकटवली, की पांढरी फुले तयार. दोऱ्यात ओवून दारावर लावा. आपल्या जिल्ह्याचे तोरण असेच असावे. फक्त जयंती झाल्यावर ती घरात साठवून ठेवू नयेत, नष्ट करावीत. बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पिकावर येते.

जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करून स्तूपही होतो. उपड्या टोपल्यावर ओल्या कागदाचे थर खळीने लावत जावे. पाच-सहा थर झाले आणि उन्हात कडक वाळले की टोपले काढून घ्यावे. वर पुठ्ठ्याची चौकट आणि छत्र, अंगाला चुना. सांचीचा स्तूप दारी उभा राहिला. वर्तमानपत्र भिजवण्याआधी एकदा चाळून घ्यावे. बाबासाहेबांचे छायाचित्र किंवा एखादा चांगला लेख असेल तर तो कापून मुलाच्या वहीत चिकटवावा.

एक इशारा फार महत्त्वाचा. फवारणीच्या औषधांचे डबे, बाटल्या, पिशव्या कितीही रंगीत आणि मजबूत दिसल्या तरी सजावटीला किंवा मुलांच्या पोशाखाला घेऊ नयेत. धुतल्यानेही त्यांतले विष पूर्ण जात नाही. २०१७ साली फवारणीतल्या विषबाधेने आपल्याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत शेतकरी होते आणि रोजीने फवारणी करणारे मजूरही होते. ते दुःख विसरण्यासारखे नाही.

आता वेशभूषा

एका गावच्या जयंतीत आम्ही पाहिले, की कोट घातलेली सात-आठ मुले रांगेत पुढे उभी होती आणि एक पोरगा शाळेच्याच सदऱ्यात मागे, आईच्या पदराआड. आई म्हणाली, ‘‘भाऊ, किरायाचा कोट काही परवडला नाई. कोट नाई तं याची जयंती नाई का?’’ या प्रश्नाला आपल्या प्रत्येक मंडळाने उत्तर दिले पाहिजे.

आमचे उत्तर असे. बाबासाहेब कोटात जन्मले नव्हते. साताऱ्याच्या शाळेत जाताना लहानगा भिवा घरून गोणपाटाचा तुकडा घेऊन जात असे. वर्गात इतरांपासून दूर त्यावर बसायचे आणि शाळा सुटल्यावर तो परत घरी आणायचा. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, नाही तर तहानलेलेच राहायचे. हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. म्हणून मुलाने साधा सदरा घालावा, काखेत पोत्याचा तुकडा, हातात पाटी घ्यावी आणि व्यासपीठावर येऊन पोते अंथरून बाजूला बसावे. खर्च काहीच नाही. पण समोरची म्हातारी माणसे डोळे पुसतील.

आणखी काही पात्रे अशी करता येतात :

सावित्रीबाई – आईचे किंवा आजीचे लुगडे मुलीला अर्ध्यात दुमडून नेसवावे, हातात पुस्तक द्यावे. खांद्यावर एक कापडी पिशवी आणि तीत दुसरी साडी. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाताना अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून सावित्रीबाई दुसरी साडी जवळ ठेवत. ही पिशवीच त्या वेशभूषेचा जीव आहे.

महात्मा फुले – जुन्या ओढणीची पगडी, खांद्यावर उपरणे, बंडी. पगडी डोक्यावर न बांधता आधी मडक्यावर किंवा पातेल्यावर बांधावी आणि दोन-चार टाके घालून पक्की करावी, म्हणजे सुटत नाही.

माता रमाई – साधी धुतलेली साडी आणि डोक्यावर टोपले. टोपल्यात पुठ्ठ्याच्या गोवऱ्या. २७ मे १९३५ रोजी रमाईचे निधन झाले. पुढे १९४० साली बाबासाहेबांनी आपला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ तिच्या स्मृतीस अर्पण केला, एवढे मुलीने सांगितले तरी पुरे.

सुजाता – पांढरी साडी आणि हातात वाटीभर खीर. खीर खरीच करावी, मग ती मुलांना वाटता येते.

सुनीत – राजगृहातला सफाईचे काम करणारा. हातात झाडू, खांद्यावर फडके. भगवान बुद्धांनी त्याला संघात घेतले. ही कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आवर्जून दिली आहे.

सम्राट अशोक – पुठ्ठ्याची तलवार, सोनेरी कागदाचा मुकुट आणि आईची काठाची साडी उपरण्यासारखी. कलिंगाच्या युद्धानंतरचा अशोक दाखवावा. म्हणजे तलवार खाली ठेवणारा.

विद्वान बाबासाहेब करायचेच असतील तर वडिलांचा गडद रंगाचा जुना सदरा घ्यावा, बाह्या आत दुमडून टाके घालावेत. काठाच्या पट्टीचा टाय, पुठ्ठ्याचा चष्मा. आणि हातात मात्र खरे संविधान द्यावे. वस्तीत एकाच घरी प्रत असली तरी सगळ्या मुलांना आळीपाळीने धरता येईल.

चीवर मात्र वेशभूषेसाठी वापरू नये, असे आमचे मत आहे. चीवर विधिपूर्वक, भन्तेजींकडून, श्रामणेर होऊन घ्यायचे असते. तो स्पर्धेचा पोशाख नव्हे.

भुताच्या सोंगाविषयी

हल्ली शहरातल्या काही इंग्रजी शाळांत ३१ ऑक्टोबरला ‘हॅलोविन’ म्हणून भुताखेतांची सोंगे काढण्याचा प्रकार आला आहे. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या नातलगांकडूनही याविषयी विचारणा होते. हा मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा सण. तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ते अमेरिकेत गेले आणि सलगमाऐवजी भोपळा आला. जुन्या चादरीचे भूत, घरच्या भोपळ्याचा दिवा, असा तो गरिबांचाच खेळ होता. पुढे बाजाराने तोही ताब्यात घेतला. आपल्या जयंतीचे तसे होऊ नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

मुलांना भीतीदायक सोंग आवडते, हे खरे. त्यात वाईट काही नाही. पण आपल्याकडे भूत, भानामती, करणी ही नुसती गंमत नाही. त्यांच्या नावाखाली गोरगरीब बायांना चेटकीण ठरवून छळले जाते. त्यासाठीच महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. म्हणून मुलाला भूत करण्याऐवजी अंगुलिमाल करा. जुने पांढरे कापड बोटाएवढे गुंडाळून, आत थोडा कापूस भरून बोटे करावीत आणि सुतळीत ओवून गळ्यात घालावीत. केस विसकटलेले, अंगावर काळे घोंगडे, हातात पुठ्ठ्याचे खड्ग. लहान मुले घाबरून ओरडतील, मोठी हसतील. आणि मग त्याने माळ तोडून खाली टाकावी, हात जोडावेत. श्रावस्तीच्या जंगलातला तो दरोडेखोर बुद्धांच्या एका भेटीने बदलला. भीती कशी संपते, हे मुलांना भुतापेक्षा अंगुलिमाल चांगले शिकवतो.

चेहऱ्याला ऑइलपेंट, चांदीचा रंग लावू नये. कातडी भाजते. हळद, काजळ पुरते. जाड कपडे घातलेल्या मुलांना दुपारच्या उन्हात मिरवणुकीत चालवू नये. स्पर्धा सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर ठेवावी आणि पाण्याचा माठ जवळ असावा.

मंडळांना विनंती

स्पर्धेचे नियम बदलले तर अर्धा प्रश्न सुटेल. किरायाचा पोशाख चालणार नाही, हा पहिला नियम असावा. पोशाखाला निम्मेच गुण आणि उरलेले निम्मे गुण मुलाने त्या व्यक्तीविषयी सांगितलेल्या चार वाक्यांना, हा दुसरा. आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक मुलाला वही-पेन, हा तिसरा. हारांऐवजी एक वही, एक पेन आणा, असे आवाहन बाबासाहेबांच्या अनुयायांनी अनेक ठिकाणी केले आहे. आपल्या वस्तीतही ते करता येते. सजावटीत वाचलेला पैसा त्यात घालावा.

सामानही एकत्र घ्यावे. पतंगी कागद, सुतळी, मैदा आणि दिवा, विकत घेण्यासारख्या वस्तू एवढ्याच. दहा घरांनी मिळून आठवडी बाजारातून घेतल्या तर भावात फरक पडतो. वर्गणीच्या वहीत सजावटीचे पान वेगळे ठेवावे आणि जयंतीनंतरच्या पहिल्या रविवारी तो हिशेब विहारात वाचून दाखवावा. हिशेब उघडा असला की पुढच्या वर्षी वर्गणी मागावी लागत नाही, लोक आणून देतात.

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून संध्याकाळी तासभर विहारात बसावे. आजीने लुगड्याची घडी दाखवावी, बापाने कामट्या तासाव्यात, ताईने महाडची गोष्ट सांगावी, पोरांनी खळ लावावी. पंधरा दिवसांत वस्ती सजते. जूनमध्ये वह्या घ्यायला कोणासमोर हात पसरावा लागत नाही. आणि पदराआडचे ते पोर पोत्याचा तुकडा काखेत घेऊन रांगेत पुढे येते.

सर्वांना येणाऱ्या जयंतीच्या मंगल कामना. नमो बुद्धाय! जयभीम!